सदर दोन्ही नावे माझीच

रविवार, ५ जानेवारी २०२५. आंबिवली

पाच वर्षं तुला हात लावला नाही, त्याबद्दल आधी माफी. शेवटची नोंद एकोणीस सालच्या डिसेंबरातली आहे आणि तीही अर्धी सुटलेली. मधल्या काळात लिहिण्यासारखं पुष्कळ घडलं, पण लिहिलं असतं तर ते खरं मानावं लागलं असतं. वहीची माफी मागणं हा वेडेपणा की सोय, हे ठरवता येत नाही. तूर्त सोय समजते.

आजची नोंद आनंदाची आहे. मी नव्या घरात राहायला आले. स्टेशनपासून चालत बारा मिनिटं, दुसरा मजला, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. ओटा माझ्या उंचीला बरोबर आहे, वाकावं लागत नाही. गॅलरीतून एक उरलेलं भातखाचर दिसतं आणि त्यापलीकडे टॉवरांची रांग. घरमालकीण आवडाबाई तळमजल्यावर राहतात. ही सगळी जमीन त्यांच्या सासऱ्यांची. बिल्डरने बदल्यात चार फ्लॅट दिले, त्यातला हा एक. आल्याआल्या त्यांनी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी वर पाठवली, आणि भाकरी फुगली का ते विचारायला स्वतः जिना चढून आल्या.

सध्या मी भाडेकरू आहे. पण बोलणं पक्कं झालंय की २८ मार्चच्या आत मी हे घर विकत घ्यायचं. एक एप्रिलला सरकारी दर वाढतात, आणि आवडाबाईंच्या नातीचं, समृद्धीचं, लग्नही उन्हाळ्यात आहे. तारीख चुकली तर त्यांच्या पुतण्याने, नयनने, दुसरं गिऱ्हाईक तयार ठेवलंय. चव्वेचाळिसाव्या वर्षी माझ्या एकटीचं पहिलं घर. माहेरचं बाबांचं होतं, सासरचं सलिलचं. त्या दोन्ही घरांनी मला वाईट वागवलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. फक्त ती माझी नव्हती.

दारावर पाटी लावली : क्षिप्रा टिपणीस. लग्नात सलिलने ताटातल्या तांदळांत अंगठीने ‘देवयानी’ लिहिलं आणि मी वीस वर्षं देवयानी सलिल कर्णिक होते. तेव्हा मला त्याची गंमत वाटली होती. आधीच्या नावाचं काय करायचं हे कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ऑगस्टमध्ये संमतीने घटस्फोट झाला, नोव्हेंबरात गॅझेटमध्ये नाव छापून आलं. स्टुलावर उभं राहून स्क्रू स्वतः पिळले. पाटी किंचित वाकडी आहे. असू दे.

बुधवार, १५ जानेवारी

दहा दिवस कागदांत गेले. मी नौपाड्यातल्या एका डोळ्यांच्या हॉस्पिटलात कार्यालय सांभाळते. विम्याचे अर्ज, ओळखपत्रांच्या प्रती, संमतिपत्रं यांतच माझा दिवस जातो. तेव्हा मला याचा कंटाळा यायला नको. तरी आला.

नाव बदललं की एक प्रतिज्ञापत्र करावं लागतं. ‘देवयानी सलिल कर्णिक व क्षिप्रा मधुकर टिपणीस ही सदर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असून ती व्यक्ती मीच आहे.’ कल्याणला कोर्टाजवळ असली कामं करून देणारे एक गृहस्थ आहेत. गॅझेट आल्यावर, नोव्हेंबरातच, त्यांनी अकरा संच करून घेतले होते : प्रतिज्ञापत्र, गॅझेटचं पान, नवी ओळखपत्रं, जुनी ओळखपत्रं. काही संच मी दिले, काही त्यांनीच परस्पर पोचवले.

छायाप्रतीवर काट मारून ‘फक्त अमुक कामासाठी’ असं लिहून तारीख घालायची, हा माझा नियम आहे. हॉस्पिटलात येणाऱ्या प्रत्येकालाही मी तो शिकवते. रसिका, आमची डोळे तपासणारी, म्हणते की हिला स्वर्गाच्या दारात आधार मागितला तर ही त्यावरही ‘फक्त प्रवेशासाठी’ लिहील. नव्या नावाच्या सगळ्या प्रतींवर मी लिहिलं. जुन्या नावाच्या प्रतींवर नाही. त्या नावाने आता कुणी काही करणार नव्हतं. बंद झालेल्या नावाला उद्देश कसला लिहायचा?

काल संक्रांत. हॉस्पिटल सुटल्यावर डोंबिवलीला आईंकडे गेले. आई म्हणजे सलिलच्या आई, सरोज कर्णिक. सलिल आता बंगळुरूला आहे. नवरा सुटला म्हणून सासू सुटत नाही, निदान माझी तरी नाही. त्यांच्या डोळ्यांचा पडदा खराब आहे, समोरच्या माणसाची त्यांना फक्त कड दिसते. एक रविवार आड मी जाते, औषधाचे थेंब नेते, पेपर वाचून दाखवते. तिळगूळ देताना म्हणाल्या, ‘क्षिप्रा माझ्या तोंडात बसत नाही गं. मी आपली देवयानीच म्हणणार.’ मी म्हटलं, म्हणा.

सोमवार, ३ फेब्रुवारी

कर्जासाठी बँकेत गेले. मुकुल नावाचे तरुण अधिकारी आहेत, नम्र आणि हुशार. माझी वीस वर्षांची नोकरी, पगाराचं खातं, भविष्यनिर्वाह निधी, सगळं बघून खूश झाले. मग त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. देवयानी कर्णिक या नावावर डिसेंबरपासून दोन क्रेडिट कार्डं आणि हप्त्यावर घेतलेलं एक वॉशिंग मशीन. पॅन नंबर माझा.

मी सांगितलं की मी यातलं काहीच घेतलेलं नाही. ते म्हणाले, ‘पण मॅडम, हप्ते एकदम टाइमवर आहेत. रेकॉर्ड उलट चांगलं झालंय.’ त्यांना धीर द्यायचा होता. पण कार्डं वादात असतील तर कर्ज मंजूर होणार नाही, हेही त्यांनी तितक्याच नम्रपणे सांगितलं. आधी ती आपली नाहीत हे सिद्ध करा.

घरी येऊन पहिल्या कार्ड कंपनीला फोन लावला. एक दाबा, तीन दाबा, नऊ दाबा. चाळीस मिनिटांनी बाई आली. जन्मतारीख जुळली, आईचं लग्नाआधीचं नाव जुळलं. मग तिने पहिल्या शाळेचं नाव विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, उत्तर जुळत नाही, त्यामुळे खात्याबद्दल काही सांगता येणार नाही. मी कोणत्या शाळेत गेले ते मला ठाऊक आहे, असं मी म्हटलं. तिने पुन्हा तेच वाक्य त्याच चालीत म्हटलं. फोन ठेवल्यावर मी कपाटातून शाळा सोडल्याचा दाखला काढून पाहिला. माझंच बरोबर होतं. पण दाखला काढून पाहावासा वाटला, याचा राग आला.

शनिवार, ८ फेब्रुवारी

करण्यासारखं सगळं केलं. सायबर हेल्पलाइनवर तक्रार, पोर्टलवर तक्रार, आधारचे ठसे लॉक, सगळे पासवर्ड नवे, बँकेला लेखी पत्र, पोच घेऊन. दोन्ही कार्ड कंपन्यांना ईमेल. उत्तर आलं की आपलं म्हणणं आमच्यासाठी महत्त्वाचं आहे.

पोलीस चौक्या तीन. आंबिवलीकडच्यांनी सांगितलं की जुन्या नावाचा पत्ता डोंबिवलीचा, तिकडे जा. डोंबिवलीत सांगितलं, तुम्ही आता इथे राहतच नाही. ठाण्यात, हॉस्पिटलजवळच्या चौकीत, एका हवालदारांनी शांतपणे सगळे कागद वाचले, प्रतिज्ञापत्रावर बोट ठेवलं आणि म्हणाले, ‘बाई, तुम्हीच लिहून दिलंय की देवयानी म्हणजे तुम्ही. मग तक्रार कोणाविरुद्ध घेऊ? तुमच्याविरुद्ध?’ टेबलावरचे दोघे हसले. माणूस वाईट नव्हता. चहा पाजला. पण तक्रार घेतली नाही, अर्ज घेतला.

रसिका म्हणाली, तुझं क्रेडिट चोरायला निघालेली बाई वेळेवर हप्ते भरते म्हणजे ती तुझ्याहून मूर्ख आहे. मला हसू आलं. मग विचार केला, चोर हप्ते का भरेल?

रविवार, १६ फेब्रुवारी

आईंकडे गेले. थेंबांची नवी बाटली उशाशी होती. मी आणलेली नव्हती. विचारलं तर म्हणाल्या, ‘अगं, मंगळवारी तूच नाही का आणलीस? पेपर वाचलास, वरणफळं करून गेलीस. घसा बसला होता तुझा.’

 आईंचं वय त्र्याऐंशी. विसरतात, दिवस मिसळतात. मी असंच स्वतःला समजावलं. फ्रिज उघडला. स्टीलच्या डब्यात वरणफळं होती, पाच दिवसांची, वर साय आलेली. चाखली नाही.

मंगळवारी मी कुठे होते? हॉस्पिटलात. हजेरीच्या यंत्रावर सकाळी नऊ पाच ते संध्याकाळी सहा चाळीस अशी नोंद आहे. हे मी सोमवारी तपासणार आहे, पण आताच लिहून ठेवते, कारण मला पक्कं आठवतंय.

आईंना सांगितलं की ती मी नव्हते. त्या थोड्या रागावल्या. म्हणाल्या, मला दिसत नाही, पण माझी सून कळते. पूर्वीसारखी बोललीस त्या दिवशी, घाईत नव्हतीस.

शनिवार, २२ फेब्रुवारी

हजेरी तपासली. नऊ पाच, सहा चाळीस.

मुकुलनी सौजन्याने एका कार्डाचं मागच्या महिन्याचं विवरण मिळवून दिलं. मी सोनं, मोबाइल, विमानाची तिकिटं असलं काही शोधत होते. ते नव्हतं. डोंबिवलीच्या दुकानातली सुती साडी, जिथे मी घ्यायचे. गुडघ्याच्या गोळ्या, माझ्याच. वाचनालयाची वार्षिक वर्गणी. कुकरची रिंग. तुळशीची कुंडी. डोळ्यांचे थेंब.

कुणी लुटत नाहीये. कुणीतरी संसार करतंय.

कार्डावरचा पत्ता विठ्ठलवाडीचा. आज दुपारी गेले. हे शहाणपणाचं नव्हतं, रसिकाला बरोबर न्यायला हवं होतं. स्टेशनजवळची दुमजली इमारत, वर चार खोल्या. तिसऱ्या दारावर पाटी : देवयानी स. कर्णिक. पाटी अगदी सरळ लावलेली. दाराला कुलूप. बाहेर तुळस, पाणी घातलेली, कुंडीखाली बशी.

शेजारच्या दारात एक म्हाताऱ्या बाई लसूण सोलत होत्या. मी विचारायच्या आत त्याच म्हणाल्या, ‘ताई, आज लवकर? चावी हरवली का काय परत?’

मी विचारलं, तुम्ही मला ओळखता का? त्या हसल्या. म्हणाल्या, हौसाबाईची थट्टा करता होय. आणि लसूण सोलत राहिल्या.

मी उलट पावली जिना उतरले. पायऱ्या बारा होत्या. हे का मोजलं ते माहीत नाही.

मंगळवार, ४ मार्च

कार्ड कंपन्यांनी फॉर्म पाठवलाय. तो भरून दिला की कार्डं माझ्या नावावरून उतरतील, असं मुकुल म्हणतात. मग कर्ज वीस तारखेपर्यंत मंजूर, अठ्ठावीसला खरेदीखत. आवडाबाईंनी पुन्हा आठवण केली. ‘पोरी, मना लोनबिन कलत नाय. अठ्ठावीस म्हंजे अठ्ठावीस. नयन रोज मंगं लागतंय.’

फॉर्म वाचला. वाक्य असं आहे : ‘मी जाहीर करते की देवयानी सलिल कर्णिक ही व्यक्ती मी नाही.’ ही कार्डं मी घेतलेली नाहीत, असं नाही. ती व्यक्तीच मी नाही.

फोन करून म्हटलं, वाक्य बदलून द्या. ते खरं नाही, मी वीस वर्षं ती व्यक्ती होते. फोनवरचा मुलगा म्हणाला, मॅडम, फॉरमॅट आहे, सगळे यावरच सही करतात. मी म्हटलं, मी माझ्या हाताने खाली एक ओळ लिहिते. तर म्हणाला, मग सिस्टिम घेत नाही.

प्रतिज्ञापत्रात लिहिलंय मी ती आहे. इथे लिहायचं मी ती नाही. एक सही खोटी ठरणार. वीस वर्षांची नोकरी, निधी, आईंचं औषध, हे सगळं त्या बाईने केलं. ती नाही म्हणायचं? रसिका म्हणते, अगं, नाव आहे, किडनी नाही. सही कर आणि घर घे.

सोमवार, १० मार्च

सही केली. माझ्या उभ्या आयुष्यात मी समजून-उमजून न पटणाऱ्या कागदावर सही केलेली नव्हती. आज केली, घरासाठी. मुकुलनी फॉर्म वर पाठवला आणि अभिनंदन केलं. आता रेकॉर्ड स्वच्छ होईल, म्हणाले.

घरी येऊन ओटा पुसला. आधीच स्वच्छ होता.

सोमवार, १७ मार्च

ठाण्याच्या त्याच हवालदारांचा फोन. या वेळी आवाज वेगळा होता. देवयानी सलिल कर्णिक यांनी तक्रार दिलीय की क्षिप्रा टिपणीस नावाची बाई त्यांची कागदपत्रं वापरून त्यांच्या नोकरीत, खात्यात आणि सासरी वावरते. पुरावे जोडलेत. मूळ आधार, हप्त्यांच्या पावत्या, भाडेकरार, शेजाऱ्यांचा जबाब, सासूबाईंचा जबाब. आणि माझा फॉर्म. ‘तुम्हीच सही केलीय ना, की तुम्ही त्या नाही?’

मूळ आधार माझ्याकडे आहे, मी सांगितलं. ते म्हणाले, तुमच्याकडे आहे तेच तर त्यांचं म्हणणं आहे. त्यांनी हरवल्याचं सांगून नवीन काढलं.

मी गॅझेटचं पान वाचून दाखवलं. ते म्हणाले, बाई, ते कोणालाही छापून मिळतं.

त्यांनी हिशेब केला तसा मीही केला. क्षिप्रा टिपणीस कागदावर नोव्हेंबरात जन्मली. त्याआधीचं माझ्याकडे आहे ते शाळा सोडल्याचा दाखला आणि बी.ए.ची पदवी. त्यावर फोटो नाही.

गुरुवार, २० मार्च

हजेरीच्या यंत्राने बोट घेतलं नाही. चार वेळा. लॉक मी आधारचे ठसे केले होते, यंत्राचा त्याच्याशी संबंध नाही. व्यवस्थापकांनी खोलीत बोलावलं. पोलिसांचं पत्र आलंय, प्रकरण मिटेपर्यंत रजेवर राहा, म्हणाले. माझ्याकडे न बघता बोलत होते. अकरा वर्षं मी त्यांच्या सह्यांच्या जागी पेन्सिलने फुली करून देतेय.

रसिका आत येऊन भांडली. ही तीच आहे, मी रोज हिच्याबरोबर डबा खाते, म्हणाली. ते म्हणाले, तुमचं बरोबर आहे, पण असं लिहून कुठे घ्यायचं?

पॅनच्या नावबदलाच्या अर्जाचा संदेश आला : अर्जदाराच्या विनंतीवरून रद्द. अर्जदार मी. मी विनंती केली नाही—

सोमवार, २४ मार्च

बँकेत गेले. मुकुल उठून उभे राहिले, पेढा पुढे केला. कर्ज मंजूर.

मी विचारलं, कोणाच्या नावावर?

ते गोंधळले. म्हणाले, ‘मॅडम, शुक्रवारी तुम्हीच आलेल्या ना. जुन्याच नावाने करू म्हणालात. पगार, पॅन, सगळं त्याच नावाचं, म्हणून लगेच झालं.’

शुक्रवारी मी घरी होते. दिवसभर. कुणी पाहिलं? हजेरीचं यंत्र नाही. दार लावून बसले होते.

सही दाखवली त्यांनी. माझी आहे. माझ्यासारखी नाही, माझीच. ‘र्णि’ची वेलांटी मी अशीच— नाही, मी ‘र्णि’ आता लिहीत नाही. लिहून बघावं का? नको.

मुकुल हळू आवाजात म्हणाले, तुम्ही बऱ्या आहात ना?

बुधवार, २६ मार्च

आईंना फोन केला. मी कोण ते त्यांनी पोलिसांना एकदा सांगितलं असतं तर. त्या हलो म्हणाल्या. मी म्हटलं, आई, मी.

कोण?

देवयानी म्हणायचं होतं. एक शब्द. आईंनी लगेच ओळखलं असतं. पण सोळा दिवसांपूर्वी मी लिहून दिलंय की ती मी नाही. तेव्हा आता ‘देवयानी’ म्हटलं तर पोलीस म्हणतात तेच मी करतेय. हा विचार मी त्या क्षणी केला. मूर्खासारखा केला. म्हटलं, मी क्षिप्रा.

 मागे भांड्यांचा आवाज येत होता. कुणीतरी विळीवर काहीतरी चिरत होतं, सावकाश, घाई नसल्यासारखं.

‘कोण क्षिप्रा?’ आई म्हणाल्या. मग फोनपासून तोंड वळवून, अगं, बघ गं जरा, कोण आहे—

मी ठेवला.

शुक्रवार, २८ मार्च

सकाळी वकिलांकडे कल्याणला. काही नाही. दुपारी परत. आवडाबाई खाली दारापुढच्या ओट्यावर बसल्या होत्या, अंगठ्याला शाई. मी म्हटलं, एक आठवडा द्या, हात जोडते. 

‘कसला आठवरा? सकालीच तं आपून दोघी रिक्षानं गेलो. तू मना चाय पाजलीस. घर तुजा झाला, पोरी. बरा नाय काय तुला?’

मी विचारलं, ती मी होते? नीट आठवा.

‘मना वाचाय येत नाय. तोंड बगून अंगठा दिला मी. तुजाच तोंड व्हता.’

खरेदीखताची प्रत दाखवली त्यांनी. खाली फोटो, नोंदणी कचेरीतल्या कॅमेऱ्याने काढलेला. सरकारी फोटोत सगळ्या बायका सारख्याच दिसतात. केस मागे बांधलेले. डोळ्यांखाली— मी खूप वेळ बघितलं. ती मी नाही, असं म्हणता आलं नाही. आवडाबाई वाट बघत होत्या, मी काय म्हणते त्याची. म्हटलं, हो.

का म्हटलं?

वर गेले. माझी पाटी नाही. स्क्रूची भोकं बुजवून रंग लावलाय. दुसरी पाटी, सरळ. चावी लागत नाही. आतून वास, फोडणीचा. लसूण, हिंग. पावलं ओट्यापासून दारापर्यंत आली. थांबली. दाराच्या त्या बाजूला कुणीतरी माझ्याच उंचीचं— श्वास ऐकू येत होता, की माझाच—

वाजवलं नाही. उतरले. ही वही पिशवीत होती म्हणून आहे.

शनिवार, २९ मार्च. नौपाडा, रसिकाकडे

रसिका हवालदारांकडे गेलीय. मला म्हणाली, तू इथेच बस, कुणाशी बोलू नकोस, कशावर सही करू नकोस.

दुपारी तिच्या सासूबाईंनी विचारलं, चहा घेणार का, आणि मग, नाव काय म्हणालात? मी काही म्हणाले नव्हते. आताही म्हटलं नाही. त्या आत गेल्या. कुजबूज.

दोन कागद. एकात लिहिलंय मी ती आहे. एकात मी ती नाही. दोन्हींवर माझी सही. दोन्ही खरे असतील तर त्या घरात कोण आणि इथे—

घर माझं आहे. एवढं एकच मी मागितलं होतं. तिनेही तेच. तिला मिळालं. मग मला मिळालं का?

उद्या पाडवा. उद्या एकच काम : आंबिवलीला जाऊन दार वाजवायचं. पळायचं नाही. आतून तिने ‘कोण?’ विचारलं की सरळ, न अडखळता सांगायचं, मी